उन्हातल्या बाकावर मतदान

लोकशाहीला नावं ठेवण्यात आमच्या घरात माझा हात कुणी धरू शकत नाही. सकाळी वर्तमानपत्र उघडलं की माझं सुरू होतं आणि नवऱ्याचा दुसरा चहा संपेपर्यंत चालतं. मतं विकली जातात, सभागृहात कुणी कुणाचं ऐकत नाही, ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, आणि ज्याला विषय कळलेला नाही त्यालाच त्यावर सगळ्यात ठाम मत असतं. नवरा शांत माणूस आहे. तो म्हणतो, "अच्छा, मग राजेशाही आणायची का? नाश्त्याच्या आधी की नंतर?"

मी हे नुसतं हवेत बोलत नाही. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात एकतीस वर्षं काढली, निवडणुकीच्या ड्युटीवर कितीदा तरी गेले. तिथे मात्र मी अगदी वेगळी बाई असायची. कुठल्याशा शाळेच्या खोलीत, मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसलेली. समोर रांग. एखादा म्हातारा शाईसाठी बोट पुढे करताना आधी ते धोतराला पुसून घ्यायचा आणि मी नकळत ताठ बसायची. नागपूरला आमचे बाबा मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, आणि आम्हा मुलांनाही बरोबर न्यायचे, नुसतं बघायला. आपल्याला हा दिवस फुकट मिळालेला नाही, एवढंच म्हणायचे. तेव्हा राग आणि भक्ती, दोन्ही माझ्यात आहेत, आणि कुठलं कधी वर येईल ते मलाही सांगता येत नाही.

निवृत्त झाल्यावर सरकारी घर सोडलं आणि दिल्ली संपून उत्तर प्रदेश सुरू होतो तिथल्या एका सोसायटीत आम्ही राहायला आलो. सात टॉवर, एक बाग, एक क्लब हाऊस, आणि फाटकावर एक यंत्र, ज्यात नाव असल्याशिवाय आत येता येत नाही. मराठीत समाज वेगळा आणि सोसायटी वेगळी, हे किती बरं आहे याचा साक्षात्कार मला इथे झाला. आमच्या सोसायटीतही निवडणूक होते. एका फ्लॅटला एक मत. भाडेकरूंना नाही. ज्या बायकांचं नाव कागदावर नाही त्यांना नाही. रोज सकाळी आत येणाऱ्या कामवाल्या, माळी, रखवालदार, ज्यांच्या जिवावर हे सात टॉवर चालतात, त्यांचा तर प्रश्नच नाही. हे सगळं मला दिसत होतं, तरी मी समितीवर गेले, कारण प्रत्येक टॉवरमधून एकजण हवा होता आणि आमच्या टॉवरमधून दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. बिनविरोध निवडून आले. नवऱ्याने पेढे आणले. थट्टा म्हणून आणले, पण खाल्ले दोघांनी.

आता आमच्या हिवाळ्याबद्दल सांगायला हवं. जानेवारीत इथे सकाळ होतच नाही, नुसतं धुकं थोडं पांढरं होतं. बारा वाजता कधीतरी सूर्य दिसतो. पण टॉवर इतके उंच की त्यांच्या सावल्या एकमेकांवरच पडलेल्या असतात आणि बागेत ऊन उतरतं ते बारा ते दोन, चार बाकांवर. फक्त चार. त्या चार बाकांवर आमची सगळी सोसायटी जगते. कुणी शेंगा फोडतं, कुणी किन्नूची संत्री सोलतं, कुणी मटार. निवृत्त मंडळी पाठ उन्हाला देऊन देश चालवतात. मीही त्यांच्यात असते.

आमच्याकडे कामाला येणारी बाई चार घरं करते. बदायूंकडची, चाळिशीची, बारीक अंगाची. दुसरं घर आमचं. आमचं आटोपतं बाराला आणि तिसऱ्या घरची मॅडम ऑफिसच्या मीटिंगमधून दोनला मोकळी होते. मधले दोन तास तिला कुठेच जागा नाही. घर शेअर ऑटोने पाऊण तासावर, जाऊन येणं परवडायचं नाही. म्हणून ती बागेतल्या शेवटच्या बाकाच्या कडेला बसायची, डब्यातली पोळी-भाजी खायची आणि मग दोन्ही हात उन्हात उताणे ठेवून बसायची. गार पाण्याने तिच्या बोटांना भेगा पडलेल्या. तिला तसं बसलेलं मी रोज पाहत होते आणि त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

कुणीतरी तिचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवरच मतदान निघालं. 'पार्क की सुव्यवस्था एवं सुरक्षा हेतु' अशी सुरुवात असलेलं लांबलचक वाक्य, खाली हाँ आणि नहीं. मी तेव्हा भाजीच्या गाड्यापाशी मटारवरून हुज्जत घालत होते. सुव्यवस्था वाचलं, सुरक्षा वाचलं, पुढचं वाचलं नाही. हाँ दाबलं.

दोन दिवसांनी लिफ्टजवळ नोटीस लागली. स्टाफने बागेतल्या बाकांवर बसायचं नाही. बहुमत से पारित. मी ती तीनदा वाचली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "यार, मग ग्रुपवर लिही ना, चूक झाली म्हणून." मी म्हटलं, लिहिते. लिहिलं नाही. समितीतली बाई न वाचता मत देते हे सात टॉवरांना सांगायला माझी जीभ रेटेना. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणी मोठी बाई आहे असा गैरसमज व्हायला नको.

ती मात्र बसतच राहिली. तिला नोटीस वाचता येत होती, तरी बसली. तिसऱ्या दिवशी समितीचे सल्लागार, एक निवृत्त साहेब, काठी घेऊन तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि ऊठ म्हणाले. ती म्हणाली, खाना खाकर उठूँगी. त्यांनी काठीने डबा ढकलला. पोळ्या गवतात गेल्या, आणि काठीचं टोक तिच्या मनगटाला लागलं. तिने डबा उचलला नाही, फोन उचलला. एकशे बारा. पोलिसांची गाडी फाटकाशी आली तेव्हा चारही बाकं रिकामी होती, एवढं मी खिडकीतून पाहिलं. पोलिसांनी दोन्ही बाजूंना दुसऱ्या दिवशी चौकीत बोलावलं.

त्याच संध्याकाळी फाटकाच्या यंत्रातून तिचं नाव काढण्यात आलं. सकाळी तिचा फोन. "दीदी, मशीन मेरा नाम नहीं ले रही." म्हणजे चार घरं एका बोटाच्या दाबाने बंद. ग्रुपवर माझ्या नावाने शिमगा चालू होता. तुमची कामवाली आहे, तिला आवरा, नाहीतर रिझाइन करा. चार-पाच जणांनी तर रिझाइन हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला. मी समितीवर हौसेने गेले नव्हते, पण निघून जा म्हटल्यावर माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तिने विचारलं, "आप चलेंगी चौकी? काग़ज़ पढ़ लेंगी मेरा." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मी मिटवायला निघाले होते. मनात सगळं ठरलेलं. साहेबांनी दोन गोड शब्द बोलावे, तिने जिन्याखाली कुठेतरी बसावं, यंत्रात नाव परत यावं, आणि माझ्या 'हाँ'चा विषय कायमचा पुरला जावा.

चौकीत एक हीटर, चार खुर्च्या. एकतीस वर्षं दिल्लीत राहून मी पोलिसांची पायरी पहिल्यांदा चढत होते. साहेब आधीच बसलेले. चौकीचे अधिकारी तिशीतले, सर्दीने हैराण. त्यांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं, नाक पुसलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"मैडम, राजीनामा लिखवा दीजिए, बात ख़त्म."

माझा कानांवर विश्वास बसेना. ग्रुपवरचं लोण इथपर्यंत पोचलं होतं तर! मी म्हटलं, "किसका?"

"दोनों तरफ़ से. आपका भी, बाबूजी का भी."

म्हणजे मीही जायचं आणि सल्लागारांनीही जायचं, आणि हे पोलीस सांगणार! माझा पारा जो चढला, तो चढलाच. आमची सोसायटी कितीही टुकार असली तरी तिथे निवडणूक झाली होती. पेढे वाटले गेले होते. मी उभी राहिले आणि माझ्या नागपुरी हिंदीत म्हणाले, "राजीनामा किसी हालत में नहीं होगा. आप कौन होते हैं माँगने वाले? मैं चुनकर आई हूँ!"

अधिकाऱ्यांनी रुमाल खाली घेतला. साहेबांची मान माझ्याकडे वळली. दाराशी उभा असलेला शिपाई सरळ झाला. "चुनकर?" अधिकारी म्हणाले, आणि कोपऱ्यातली खुर्ची स्वतः उचलून तिच्यासाठी, म्हणजे आमच्या कामवाल्या बाईसाठी, पुढे ठेवली. तोवर ती उभीच होती, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. "बैठिए. आप क्या कहती हैं?"

ती बसली. शाल नीट केली. "जो दीदी ने कहा. राजीनामा नहीं. रपट लिखिए."

मला कळेना, माझ्या राजीनाम्याशी हिचा काय संबंध. पण तिचा आवाज! घरात 'दीदी, विम ख़त्म है' याच्यापुढे न गेलेला तो आवाज त्या खोलीत इतका शांत आणि सरळ लागला की मीही बसले. चौकीचे अधिकारी आमच्या सल्लागार साहेबांना कलमं समजावू लागले. हत्याराने दुखापत, काठीसुद्धा त्यात येते, वगैरे. साहेबांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते पुटपुटले, "ठीक है, ग़लती हो गई." ती म्हणाली, "यहाँ नहीं. मीटिंग में. सबके सामने. और उस नोटिस की बात भी वहीं होगी." रविवारी बैठक ठरली आणि तोपर्यंत यंत्रात नाव घालायचं असंही साहेबांनी कबूल केलं. तिने रपट, म्हणजे पोलिसांतली तक्रार, रविवारपर्यंत राहू दे म्हटलं. हे सगळं तिने खुर्चीत बसून ठरवलं. माझा कागद वाचून द्यायचा प्रसंग आलाच नाही.

परत येताना आम्ही ई-रिक्षात समोरासमोर बसलो. मी अजून धुमसत होते. म्हटलं, "मेरा राजीनामा माँगता है! मैं कमेटी छोड़ने वाली नहीं."

मग तिने पदर तोंडाला लावला. "दीदी, आप इस्तीफ़ा समझीं? राजीनामा तो समझौता होता है. दोनों राज़ी, बात ख़त्म."

मी कपाळाला हात लावला. आमच्या मराठीत राजीनामा देऊन माणूस खुर्ची सोडतो. इथे राजीनामा लिहून माणूस भांडण सोडतो. दफ्तरात सगळे इस्तीफाच म्हणायचे, त्यामुळे इतकी वर्षं माझी गाठ पडली नव्हती या शब्दाशी. आणि मी भर चौकीत गर्जना करून आले होते की तडजोड कुठल्याही परिस्थितीत होणार नाही, आणि 'चुनकर' ऐकून अधिकाऱ्यांनी मला कुणी पुढारी समजलं असणार. तडजोडीसाठीच तर गेले होते! ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि रिक्षावालाही आरशातून बघून हसायला लागला. मीही हसले. पण माझं सगळं धैर्य म्हणजे भाषेची चूक होती.

ते मला तिच्यापासून लपवता येईना. म्हटलं, "सुनो, मुझे समझ आता तो मैं दस्तख़त कर देती."

"पता है," ती म्हणाली.

मग मी आणखी पुढे गेले. पूल चढताना रिक्षा हळू झाली होती, थंडीने नाक बधिर झालेलं. म्हटलं, ते ग्रुपवरचं मतदान, त्यात मी पण...

"वो भी पता है, दीदी. तीसरे घर वाली मैडम ने फ़ोन में दिखाया था. किसने क्या दबाया, सब नाम से आता है."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझी आजी वर्ध्याकडच्या एका गावात वाढली. चावडीच्या पायरीवर टेकली म्हणून तिला उठवलं होतं, ही गोष्ट मी किती भाषणांत सांगितली आहे. जयंतीच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन सांगितली आहे, लोकांनी रुमाल काढले आहेत. आणि मटारची हुज्जत घालताना माझ्या अंगठ्याने दुसऱ्या एका बाईला बाकावरून उठवलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. लोकशाहीच होती ती.

मी विचारलं, "फिर मुझे ही क्यों ले गईं?" आत्तापर्यंत मी तिला तुम म्हणत होते. आता आप म्हणत होते, हे मला नंतर जाणवलं.

तिने अगदी हिशेबी तोंड केलं. "जिन्होंने ना दबाया, वो तो मेरी तरफ़ थे ही. उनको ले जाकर क्या मिलता? हाँ वालों में से कोई एक इधर लाना था. आपके घर में सात साल से हूँ. सोचा, ये आ सकती हैं."

मी आयुष्यभर राजकारणी पाहिले. मंत्र्यांच्या बैठकांना नोंदी घेत बसले. पण इतकं स्वच्छ राजकारण मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिने मला माफ केलं होतं का, कोण जाणे. तिने मला मोजलं होतं, आणि वळणाऱ्यांत धरलं होतं.

रविवारी क्लब हाऊस कधी नव्हे ते भरलं. एरवी आमच्या बैठकीला समोसे जास्त आणि माणसं कमी असतात. अध्यक्ष एका मोठ्या कंपनीत गुरुग्रामला जाणारे, कामाला वाघ, बैठक अर्ध्या तासात संपवण्यासाठी प्रसिद्ध. साहेबांनी उभं राहून, खिडकीकडे बघत, माफी मागितली. जेमतेम दोन वाक्यं. मग अध्यक्ष म्हणाले, नोटिशीवर कुणाला बोलायचं आहे?

मी उठले. म्हटलं, मी हाँ दाबलं होतं. चुकून नाही, न वाचता. त्याची लाज वाटते. मागून कुणीतरी खुसखुसलं. मग मी म्हटलं, "मेरा बाक़ी समय इनको दीजिए. ये बोलेंगी."

"मेंबर नहीं हैं," कुणीतरी म्हणालं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, दो मिनट.

ती दाराशी उभी होती, ती पुढे आली. चार घरांपैकी तीन घरची माणसं समोर बसलेली. "आप सब मुझे जानते हैं," ती म्हणाली. "आपके बच्चों का टिफ़िन मैंने बाँधा है. माताजी बीमार थीं तो उनके पास मैं बैठी थी. तब किसी ने नहीं पूछा कि कहाँ बैठी है. पलंग पर बैठी थी." एक बाई मान खाली घालून बांगडी फिरवू लागली. "दो घंटे धूप में बैठती हूँ. बस, इतना ही कहना है."

आणि मग ते घडलं जे मी इतक्या वर्षांत इतक्या बैठकांत पाहिलं नव्हतं. माणसं विरघळली. एकजण म्हणाला, हाँ यार, ग़लत हुआ. दुसरा म्हणाला, बिल्कुल. अध्यक्षांनाही भरून आलं असावं, त्यांनी चष्मा काढला. "तो चलो, अभी ठीक कर देते हैं," ते म्हणाले. "जो चाहते हैं कि स्टाफ़ बेंच पर बैठे, हाथ उठाएँ."

हात वर गेले. एक नाही, दोन नाही, सगळीकडून. ज्यांनी हाँ दाबलं होतं त्यांचे, नहीं दाबलं होतं त्यांचे, भाडेकरूंचेसुद्धा, ज्यांना मतच नव्हतं. साहेबांचाही हात खांद्यापर्यंत आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांना दाखवायला हवं होतं हे, असं वाटलं. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याचाही हात वर.

ती आमच्या हातांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"नहीं," ती म्हणाली. "हाथ नीचे कर लीजिए."

अध्यक्षांना वाटलं तिला समजलं नाही. "अरे, ये आपके फ़ेवर में हैं."

"समझ गई, साहब. पर आज हाथ उठाकर बैठाओगे, तो कल हाथ उठाकर उठा भी दोगे. मेरे बैठने पर गिनती मत कराइए. जो लिखा है, बस काट दीजिए."

अध्यक्षांनी शेवटी नोटिशीतली ती ओळ मतदान न घेता खोडली. पुढच्या आठवड्यात तिचं एक घर सुटलं आणि महिन्याभराने दुसऱ्या टॉवरमध्ये नवं मिळालं. रपट तिने लिहवली नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी नुसते हात खाली येत होते, एकेक करून, थोडे ओशाळून, जसे काही चोरी करताना धरले गेले होते. साहेबांचा खाली आला. नवऱ्याचा आला. मला मात्र वाटत होतं की सगळ्यांचं सोडा, माझा हात तरी तिला चालेल. मी तिच्याबरोबर चौकीत गेले होते, मी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. मी तो तसाच वर धरून उभी राहिले.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात खाली यायची वाट पाहत राहिली. मग मीही हात खाली घेतला.